परत करायचं भांडं

विल्मरच्या ल्युथरन चर्चच्या तळघरात
मी ती पहिल्यांदा पाहिली.
हिरवी जेली, पोपटाला लाज वाटेल अशी,
आणि तिच्या पोटात किसलेलं गाजर,
तरंगता तरंगता थांबलेलं.
चिठ्ठीवर लिहिलं होतं, सॅलड.
मला वाटलं, कुणाची तरी कोशिंबीर
झोपेतच गोठली.

आर्लिस नीगार्ड म्हणाली, घे ना.
घेतली. चमच्यावर ती थरथरली.
मीही.

सांगलीला फोनवर सांगितलं तर ताई म्हणाली,
आजारी असतात का गं ती माणसं?
पुढच्या खेपेला मी दाजींसाठी
रूट बिअरच्या दोन बाटल्या नेल्या, स्वेटरात गुंडाळून.
दाजींनी एक घोट घेतला,
बाटली उजेडात धरली, आणि विचारलं,
पाय कुणाचा मुरगळलाय?
दुसरी बाटली अजून तशीच आहे,
फडताळात, आयोडेक्सच्या शेजारी.

इथलं काय काय गेलं जगभर!
सांगलीत स्टँडसमोर बर्गर मिळतो,
काळं गोड पाणी तर वाड्यावस्त्यांवर
नळाच्याही आधी पोचलं.
मग हीच पंगत का मागे राहिली?
रताळ्यावर मार्शमेलो भाजणारी,
कणीक कालवलेल्या दुधाला ग्रेव्ही म्हणणारी,
हिला व्हिसा मिळाला नाही
की हिने मागितलाच नाही?

आणि तो शेवटचा तुकडा.
ट्रेमध्ये लिंबाची एक वडी उरते,
ती कुणी घेत नाही.
येणारा सुरीने तिची अर्धी करतो, अर्धी नेतो,
पुढचा अर्ध्याची अर्धी.
व्हर्लिन नीगार्ड, सव्वासहा फूट, ट्रॅक्टर ओढेल असा माणूस,
नखाएवढ्या उरलेल्याचे
दोन भाग करताना मी पाहिलाय.
ही रीत कुठल्या कंटेनरमध्ये भरणार?

फेब्रुवारीत बाबा गेले.
बाहेर उणे एकतीस, विमानं जमिनीवर.
फोनच्या चौकोनात मी
दुसऱ्यांचे खांदे बघितले.
संध्याकाळी दार वाजलं.
आर्लिस. हातात काचेचं भांडं, टॉवेलात.
बटाटे, चीज, वर चुरलेले कॉर्नफ्लेक्स.
इथे त्यांना नावच आहे,
मयताचे बटाटे.

आमच्याकडे त्या दिवशी चूल पेटत नाही.
शेजारचे पिठलं-भात आणतात,
आणि चवीबद्दल कुणी बोलत नाही.
मी हे तिला सांगितलं नाही.
उभ्याउभ्याच खाल्ले. खारट होते.
मग बसून खाल्ले.

भांडं घासताना दिसलं,
तळाला चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेनने, ए. नीगार्ड.
आईच्या पातेल्यांवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव आठवलं,
सोबत तारीख,
आणि देणाऱ्या मामांचं नाव जरा मोठंच.

रिकामं भांडं परत देऊ नये.
दिवस झाल्यावर मी साबुदाण्याची खिचडी भरली,
दाण्याचं कूट सढळ.
आर्लिसने एक चमचा खाल्ला,
बराच वेळ चावला,
आणि म्हणाली, वेगळं आहे.

मिनेसोटात नऊ वर्षं काढल्यावर कळतं
वेगळं आहे म्हणजे काय ते.
यापुढचा शब्द इथे कुणी वापरत नाही.

भांडं परत आलं. जेली. गाजर.
मी नेलं. थालीपीठ.
वेगळं आहे.
ते आलं. मी नेलं.
तिची मुलं म्हणतात, तुम्ही दोघी
एकमेकींना का छळता?

परवा घासताना चिकटपट्टी सुटून आली.
नवी लावली, पेन घेतलं,
आणि घाईत लिहून बसले
देवनागरीत, नीगार्ड,
वर रेघ ओढून.

आर्लिसने भांडं उलटं केलं,
चष्मा कपाळावरून खाली घेतला,
अंगठ्याने ती रेघ चाचपली.
वेगळं आहे, म्हणाली,
आणि खोडलं नाही.